रिटचिंगवालीचा स्वतःचा चेहरा

सुनंदाबाईंचं तोंड वाकडं झालं ते एका मंगळवारी सकाळी, चहा पिताना. पहिला घोट घेतला आणि तो डाव्या कोपऱ्यातून सरळ पदरावर. दुसरा घेतला, तोही तिथंच. "काय गं बाई ही तऱ्हा," असं म्हणायला गेल्या, तर "बाई"तला ब ओठांतच अडकला. सून सुप्रिया ओट्याशी उभी होती. तिनं वळून पाहिलं आणि तिच्या हातातली पकड खाली पडली. हैदराबादेत, नल्लकुंट्यातल्या त्या तीन खोल्यांच्या घरात मग जी धावपळ उडाली ती काही सांगत बसत नाही. रिक्षा, दवाखाना, डोक्याचं स्कॅन, सगळं झालं. मेंदूला धक्का नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत सरळ होतं, असंही म्हणाले.

घरी आल्यावर सुनंदाबाईंनी आरसा मागितला, आणि आरसा काही कुणी देईना. सुप्रिया म्हणाली, "आई, अगदी थोडंसं आहे हो, कळतसुद्धा नाही." मुलगा पराग म्हणाला, "आधी पड बरं तू जरा." शेजारच्या तेलुगू बाई धावत आल्या, दारातूनच "एम् कालेदु अम्मा, काही नाही झालं," म्हणाल्या आणि बोलताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

आता सुनंदाबाईंना काय खोटं ओळखू येत नाही? अहो, खोटं हाच तर त्यांचा धंदा होता, आणि तोही असा की लोकांनी त्याबद्दल दुवा दिला. माहेरी नांदेडला वडिलांचा फोटो स्टुडिओ. बाराव्या वर्षापासून पोरगी निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला शिकली. लग्न होऊन हैदराबादला आली तेव्हा रुखवतात तिचं रिटचिंगचं डेस्कही आलं. एक तिरकी काच, तिच्याखाली आरसा, वर भिंग. खिडकीतला उजेड आरशावरून काचेत यायचा, काचेवर निगेटिव्ह ठेवायची, आणि पॉलिशपेपरवर घासून सुईसारखी केलेली पेन्सिल हातात घ्यायची. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. काळे केस पांढरे, दात काळे, आणि सुरकुती म्हणजे एक स्वच्छ पारदर्शक रेघ. ती रेघ बारीक बारीक ठिपके देऊन बुजवली, की छापून आलेल्या फोटोतून सुरकुती गायब. जिथं काळं करायचं असेल, तिथं मात्र ब्लेडच्या टोकानं हलकेच खरवडायचं. नारायणगुड्याच्या स्टुडिओंतून पाकिटं यायची. नवरा, रामचंद्रराव, कचेरीतून येताना सायकलला लावून आणायचे. कुणाचे मुरुम, कुणाचे देवीचे व्रण, कुणाच्या हनुवटीवरचं कोड, कुणाचा तिरळा डोळा. कंप्यूटर येऊन पाकिटं बंद होईपर्यंत वीसेक वर्षं सुनंदाबाईंनी निम्म्या शहराचे आजार पेन्सिलीनं पुसले.

अशा बाईला म्हणे "कळतसुद्धा नाही"!

शेवटी नात कामाला आली. योगिनी, वय वर्षं एकोणीस, कॉलेजात शिकते, मराठी वाचायला सांगितलं तर अडखळते, पण खोटं बोलायचा तिला कंटाळा. तिनं फोनचा सेल्फी-कॅमेरा लावून तो आजीच्या समोर धरला. "बघ आजी. डावी साइड पूरी लटकलीये. झूट कैकू बोलू मी?"

सुनंदाबाईंनी पाहिलं. घाबरल्या का? घाबरल्या. पण दोन मिनिटांनी बघावं तर त्या फोन जवळ ओढून घेत होत्या. भुवया वर केल्या. उजवी गेली, डावी जागची हलेना. हसून पाहिलं, अर्धं तोंड हसलं आणि अर्धं नुसतं बसून राहिलं. डोळे मिटले तर योगिनी ओरडली, "अय्यो आजी, लेफ्टवाला बंदच होत नाही! बुबुळ वर पळतंय, फक्त पांढरं दिसतंय!" "कुठं, कुठं, फोटो काढ त्याचा," म्हणत सुनंदाबाई पुन्हा डोळे मिटून बसल्या. पुढचे आठ दिवस त्यांचा हाच उद्योग. आमटी उजव्या बाजूनं खारट लागते आणि डाव्या बाजूनं अळणी. डाव्या कानात भांड्यांचा आवाज दुप्पट येतो. प, फ, ब, भ, म म्हणताना गाल फडफडतो. साठ-पासष्ट वर्षं वापरलेला चेहरा, आणि त्याच्या आत एवढी भानगड आहे हे बाईंना आत्ता कळत होतं.

"हे मला काढून ठेवायचंय," त्या सुप्रियाला म्हणाल्या. "बरं झालं की परत बघायला मिळायचं नाही."

सुप्रियानं कपाळाला हात लावला. "आई, लोक बरं व्हावं म्हणून नवस बोलतात हो!"

"मी पण बोललेय. पण त्याच्या आत काढून व्हायला पाहिजे."

त्यांना खरं काय हवं होतं ते त्यांनी सुनेला सांगितलं नाही. माझ्या हातून एवढे चेहरे गेले, पण त्यातला एकही मी होता तसा जाऊ दिला नाही. निदान एक तरी जसाच्या तसा उतरवता येतो का मला? का येतच नाही? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला तो शिरलाच.

माळ्यावरून डेस्क खाली आलं. आता त्याच्यावर आरसा टेकवला, समोर योगिनीची चित्रकलेची वही. रोज सकाळी अकराला, खिडकीतला उजेड सपाट असतो तेव्हा, सुनंदाबाई बसायच्या आणि स्वतःला काढायच्या. रोज एक चेहरा, खाली तारीख. व्यायाम करून घ्यायला येणारी पोरगी, नुकतंच लग्न ठरलेली, सदा घाईत असलेली, तिनं दोन आठवड्यांनी वही चाळली आणि खूश झाली. "सूपर अम्मा! बघा ना, पहिल्या दिवशी ओठ एवढा खाली, आज एवढा वर. मस्त रिकव्हरी!" तिनं तशी नोंदही करून टाकली. घरात आनंदीआनंद. परागनं बेगम बाजारातून येताना पेढे आणले.

पेढा खाताना तो सुनंदाबाईंच्या डाव्या गालात अडकून बसला, आणि बोट घालून काढावा लागला.

योगिनीनं वही उचलली, आजीच्या चेहऱ्याशेजारी धरली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "आजी, तुझा ओठ तर तिथंच आहे. चित्रातलाच वर चाललाय."

सुनंदाबाईंनी वही हिसकावून घेतली. पहिलं पान, सातवं, चौदावं. खरंच की! चेहरा होता तिथंच होता. हात बाईंच्या नकळत रोज केसभर, केसभर ओठ वर उचलत होता. डोळ्याखालची लोंबलेली कड बुजवत होता. तिकडे बाई नवल करत बसल्या होत्या आणि इकडे हात आपली जुनी नोकरी इमानेइतबारे करत होता. एवढा संताप आला त्यांना, की पेन्सिल मोडून खिडकीबाहेर टाकली. पुढचे चार दिवस ठरवून, दात-ओठ खाऊन काढलं, म्हणजे जेवढे ओठ खाता येत होते तेवढे खाऊन. पण मग हात दुसऱ्या टोकाला जायचा. चेटकिणीसारखं भलतंच वाकडं तोंड यायचं. तेही खोटंच.

आता ह्यात खरं काय नि खोटं काय हे सांगणारं माणूस एकच होतं, आणि तिच्याकडे जायचं सुनंदाबाई टाळत होत्या. त्यांची नणंद भामाताई. दोन गल्ल्या सोडून एकट्या राहतात, वय बहात्तर. चौथ्या वर्षी देवी आल्या, त्यात चेहऱ्यावर व्रण राहिले आणि उजव्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर दुधासारखा पांढरा डाग, त्या डोळ्यानं दिसत काही नाही. नारायणगुड्याच्या मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. बाई नेमक्या कुणाकडे बघताहेत ते पोरींना कळायचं नाही, त्यामुळे त्यांच्या वर्गात कॉपी म्हणून होत नसे. जिभेला हाड नाही, खोट्या कौतुकाची सवय नाही.

सुनंदाबाई वही घेऊन गेल्या. भामाताईंनी चष्मा काढला, वही डाव्या डोळ्याजवळ नेली, पान उलटलं, अजून एक उलटलं.

"ही कोण?" त्या म्हणाल्या.

सुनंदाबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हाच प्रश्न, ह्याच आवाजात, त्यांनी त्रेचाळीस वर्षांपूर्वी ऐकला होता.

तेव्हा सुनंदा नवी सून होती आणि भामावन्सं एकोणतीस वर्षांच्या, लग्नाच्या. सासरे स्थळांना पत्र लिहायचे तेव्हा स्पष्ट लिहायचे, मुलीच्या एका डोळ्यात फूल आहे. स्थळं थोडी यायची, पण येणारी जाणून यायची. नव्या सुनेला वाटलं, आपण एवढ्या हुशार, वन्संसाठी काही करू नये होय? स्टुडिओतून निगेटिव्ह मागवून घेतली. व्रण एकेक करून बुजवले. निगेटिव्हमध्ये डोळ्यातला तो पांढरा डाग काळा ठिपका होऊन आला होता. तो ब्लेडनं हलकेच, दोन दिवस लावून, खरवडून काढला. वर चमकेचा एक ठिपका दिला. डोळा उघडला! एवढा देखणा फोटो त्या घरात कुणाचा आला नव्हता. सासू रडल्या. सासऱ्यांनी तो फोटो लातूरच्या एका स्थळाला धाडला, आणि फोटो इतका चांगला म्हणून पत्रातलं ते एक वाक्य त्या वेळी गाळलं.

लातूरची मंडळी आली. भामावन्सं उपीट घेऊन बाहेर आल्या. मुलाच्या आईनं वर पाहिलं, बशी तशीच खाली ठेवली आणि म्हणाली, "फसवता काय आम्हाला?" ते गेल्यावर वन्संनी तो फोटो हातात घेतला, सुनंदाला विचारलं, "ही कोण?" आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेल्या. त्यानंतर एकाही स्थळासमोर त्या बसल्या नाहीत. त्या फोटोचा विषय घरात कुणी काढला नाही. सुनंदाबाईंनी तर नाहीच नाही.

"ही कोणी नाही," सुनंदाबाई आता म्हणाल्या आणि वही घेऊन परत आल्या. जिवाला फार लागलं होतं. आता त्यांना काढायचंच होतं. एकदा तरी असा चेहरा त्या बाईसमोर ठेवायचा, की तिला तो प्रश्न विचारावा लागणार नाही.

वाट सापडली ती योगिनीच्या फोनमुळे. पोरगी आजीच्या फोटोशी चाळा करत होती. रंग बदल, हे बदल, करता करता फोटो निगेटिव्हसारखा झाला. "आजी, हे बघ, तू भूत!"

सुनंदाबाईंनी चष्मा पुसला. वीस वर्षांनी त्या निगेटिव्ह बघत होत्या. इतर लोक जसा पेपर वाचतात तशा त्या निगेटिव्ह वाचायच्या. उजव्या बाजूला डोळ्यापासून कानापर्यंत, कपाळावर, नाकापासून ओठापर्यंत, पांढऱ्या रेघांचं नुसतं जाळं. आणि डावी बाजू? स्वच्छ. एक रेघ नाही. कपाळ गुळगुळीत, गाल सपाट.

"हा अर्धा कुणी रिटच केला?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. मनात आलं, काम छान आहे, कुठं ठिपका दिसत नाही.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. कुणी केला? दुखण्यानं केला. नस मेली तशा तिकडच्या सुरकुत्या गेल्या. लोकांनी ज्यासाठी वीस वर्षं पाकिटं पाठवली ते काम आजारानं एका चहाच्या घोटात उरकलं होतं. वाकडी बाजू तरुण आणि धड बाजू म्हातारी! सुनंदाबाईंना हसू फुटलं, तेही अर्धंच, आणि ते त्या फोनमध्ये बघून त्या आणखी हसल्या. योगिनीला काही कळेना. "कैकू हसतीयेस पण?" ती विचारत राहिली.

त्या दिवसापासून त्यांनी आरसा बाजूला केला. फोनवरची ती उलटी छबी डेस्कवर ठेवली आणि कागदावर उलटंच काढायला घेतलं, उजेडाच्या जागी काळं, काळ्याच्या जागी कोरा कागद. निगेटिव्हमध्ये ओठ म्हणजे ओठ नसतो, एक करडा तिरपा आकार असतो. त्याला सरळ करावं असं हाताला वाटतच नाही. अवघड होत्या त्या उजव्या बाजूच्या रेघा. उलट्या चित्रात सुरकुती म्हणजे कोरी सोडलेली जागा. पेन्सिल रेघेच्या काठाशी आली की थांबायला हवी, आणि ती तर इतकी वर्षं नेमकी तिथंच आत शिरत आली होती. दोन कागद असे वाया गेले. तिसऱ्याला सुनंदाबाई प्रत्येक रेघेशी स्वतःला दटावायच्या, "थांब गं. नको जाऊ. तिची आहे ती." अकरा दिवस लागले. योगिनीनं त्या चित्राचा फोटो काढला, फोनमध्ये पुन्हा उलटा केला आणि बरकतपुऱ्याच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणला.

सुनंदाबाईंनी कागद हातात घेऊन खिडकीशी नेला. गंमत म्हणजे त्यांना ती बाई आवडली. जरा थकलेली, जरा चक्रावलेली, एक डोळा मोठा करून काहीतरी ऐकत असल्यासारखी. सुप्रियानं मागून डोकावलं आणि सासूच्या खांद्यावर हात ठेवला. "कळतसुद्धा नाही" असं ती त्या दिवसानंतर कधी म्हणाली नाही.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं होतं. चार महिने झाले होते. त्यांनी टॉर्च मारून पाहिलं, गाल दाबून पाहिला. पापणी आता मिटते, चांगलं आहे, म्हणाले. आणि ओठ? डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, काही जणांचं पूर्ण परत येत नाही. जे राहिलंय ते बहुधा आता असंच राहील."

सुनंदाबाईंना रडू आलं, तिथंच, त्या निळ्या खुर्चीवर. नवल-बिवल सगळं बाजूला राहिलं. बरं झाल्यावर आठवण म्हणून ठेवायचा तो चेहरा आता घरीच राहायला आला होता. रिक्षात बसल्यावर त्यांनी परागला सांगितलं, "आत्याकडे सोड मला."

भामाताई शेंगा सोलत बसल्या होत्या. सुनंदाबाईंनी पिशवीतून कागद काढून त्यांच्यासमोर धरला. भामाताईंनी बोटं पदराला पुसली, चष्मा काढला आणि कागद डोळ्याशी नेला. त्या इतका वेळ बघत होत्या की सुनंदाबाई खाली चटईवर टेकल्या.

"हं," भामाताई म्हणाल्या. "आता दिसतेस."

बस, एवढंच. पण सुनंदाबाईंच्या तोंडून त्रेचाळीस वर्षांचं अडकलेलं बाहेर आलं. "वन्सं, तुमचा डोळा मी खरवडला. लातूरची मंडळी... माझ्यामुळे झालं ते. मला वाटलं मी चांगलं करतेय. मला एकदा विचारावंसंसुद्धा वाटलं नाही तुम्हाला."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला राग..."

"आला होता. चांगली पंधरा वर्षं पुरला. मग शाळा होती, पोरी होत्या, कुठवर धरून बसू?"

सुनंदाबाईंनी नाक पुसलं. "वन्सं, तुमचं काढू का मी? आहे तसं? आता येतं मला."

भामाताईंनी शेंगांची टोपली बाजूला सारली. "नको गं. माझं तोंड मला चौथ्या वर्षापासून पाठ आहे. ते कागदावर कशाला? तुझंच काढ. तू नवीन आहेस."

सुनंदाबाईंनी कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.

"डॉक्टर काय म्हणाला?" भामाताईंनी विचारलं.

"राहील म्हणाला."

"हौ. मग ऐक. लग्नाकार्यात जाशील तिथं कोपऱ्यातली खुर्ची धरू नकोस, मधल्या रांगेत बस. कोपऱ्यातल्या माणसाकडे लोक वळून वळून बघतात. पोरं विचारतील काय झालं म्हणून, त्यांना सांगून टाकायचं, पोरं लगेच विसरतात. मोठी माणसं विचारत नाहीत, नुसती बघतात. बघू द्यायचं. मग आपण त्यांच्याकडे बघायचं, नीट, डोळा न हलवता. तेच मान खाली घालतात. फोटो काढणारा म्हणेल जरा इकडून वळा. वळायचं नाही."

"बरं."

"आणि पहिलं वर्ष फार वाईट जातं. ते जातं पण."

सुनंदाबाईंचे दोन्ही डोळे आता वाहत होते, डावा आपल्या आपण आणि उजवा खरोखर. पदर तोंडाशी न्यायला गेल्या, तर भामाताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"झाकू नकोस. चार महिने झाले, कागद दाखवतेस, चित्रं दाखवतेस, पण माझ्याकडे येतेस ती उजवी बाजू करूनच बसतेस. मी अजून नीट बघितलंच नाही तुला. इकडे ये, उजेडाकडे."

सुनंदाबाई चटईवर सरकल्या, खिडकीकडे डावा गाल केला आणि वन्संचं बघून होईपर्यंत तशाच बसून राहिल्या.